मुंगीसिस्टरची घंटी

त्या दवाखान्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर मॅडम तिला 'सिस्टर' म्हणायच्या आणि बायका तिच्या माघारी 'मुंगीसिस्टर' म्हणायच्या. हे नाव तिनं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. गुरुवारची दुपार म्हणजे तांबी बसवायची दुपार. मुलं आता पुरे झाली, किंवा इतक्यात नकोत, अशा बायका बाकावर ओळीनं बसायच्या, एकेक करून आत जायच्या, आणि टेबलावर पाय वर घेऊन आडव्या झाल्या की सिस्टर सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायची. "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल." ती मुंगी कोणत्या जातीची, हे बाईला कळेपर्यंत काम उरकलेलं असायचं.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. हात कसलेला, नजर पक्की, चार मिनिटांत एक बाई मोकळी. एका दुपारी अठरा-वीस बायका व्हायच्या आणि मॅडमना त्याचा अभिमान होता. बाई पुढच्या दारानं आत यायची आणि मागच्या दारानं बाहेर पडायची. मागच्या दारापाशी औषधांची खिडकी होती आणि खिडकीत काका. बाई भिंतीला हात लावत तिथवर पोचायची, केसपेपरवरचा 'तांबी बसवली' हा शिक्का दाखवायची, आणि काका तिला दुखणं कमी करायच्या दोन गोळ्या द्यायचे. म्हणजे सगळं दुखून झाल्यावर. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. बाहेर पडणाऱ्या बायकांचे चेहरे बाकावरच्या बायकांना दिसायचे नाहीत, ही त्या दोन दारांची आणखी एक सोय.

अशाच एका गुरुवारी शिवणवाली आली. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं एका मशीनचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायची, गळ्यात मापाची टेप कायम लटकलेली. दुसऱ्या बाळंतपणात तिला इतका रक्तस्राव झाला होता की चार बाटल्या रक्त चढवूनही घरच्यांनी आशा सोडली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तर आम्ही जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. रोजच्या गोळ्यांनी तिचं ब्लडप्रेशर चढायचं, ऑपरेशनच्या नुसत्या नावानं तिला घाम फुटायचा, आणि नवऱ्याच्या सावधपणावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. हे शेवटचं ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. तेव्हा राहिली ती तांबी.

टेबलावर ती निमूट झोपली. मॅडमनी चिमट्यानं गर्भाशयाचं तोंड धरलं आणि ती ओरडली, "थांबा." मॅडम म्हणाल्या, झालंच. ती पुन्हा म्हणाली, "थांबा म्हणते ना." सिस्टरनं सवयीनं तिचा गुडघा दाबून धरला आणि सवयीनंच मुंगीचं वाक्य म्हटलं. त्यानंतर काय झालं ते इतक्या झटपट झालं की मॅडमना कसाबसा चिमटा सोडवायला वेळ मिळाला. शिवणवालीनं पाय ओढून घेतला, ट्रेला लाथ बसली, सगळी हत्यारं खणखणत फरशीवर गेली, आणि ती टेबलावरून खाली उतरून कपडे सारखे करू लागली. तोंड पांढरं फटक पडलं होतं, पण आवाज शाबूत होता.

"सिस्टर, मी दिवसभर सुई हातात धरते," ती म्हणाली. "बोटात सुई घुसली की काय होतं ते मला ठाऊक आहे. ही मुंगी नव्हती. दुखेल म्हणाला असतात तर दात आवळून सोसलं असतं. तुम्ही खोटं बोललात."

आणि ती पुढच्याच दारानं, सगळ्या बाकासमोरून बाहेर पडली. घाईत एक चप्पल टेबलाखालीच राहिली. बाकावरच्या बायकांनी तिचा चेहरा बघितला, तिचा एक अनवाणी पाय बघितला, आणि त्यातल्या पाच जणींनी घरी काहीतरी राहिल्याचं निमित्त काढून तिथून काढता पाय घेतला.

मॅडम कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, नाजूक असतात काही काही. सिस्टरनं हत्यारं गोळा केली, चप्पल कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि उरलेल्या बायकांसमोर मुंगीचं वाक्य काही तिच्या तोंडून निघेना.

आता मेख कुठे होती ते सांगायला हवं. ही मुंगी मुळात सिस्टरच्याच पोटात जन्मली होती. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या मुलानंतर, तिनं याच टेबलावर, याच मॅडमकडून तांबी बसवून घेतली होती. तेव्हा तिला दोनच वर्षं झाली होती नोकरीला. दुखलं असं की डोळ्यांपुढे काजवे चमकले, खालचा ओठ दातांनी फुटला. पण बाजूला दोन नव्या नर्स बघत उभ्या. आपणच तोंड वेडंवाकडं केलं तर उद्या बायकांना काय धीर देणार, असं तिच्या मनात आलं. मॅडमनी विचारलं, "काय सिस्टर, दुखलं का फार?" आणि तिनं ओठ पुसत हसून सांगितलं, "छे हो मॅडम, मुंगी चावल्यासारखं." मॅडमनी ते खरं मानलं. त्यांनी का मानू नये? त्या दिवसापासून कुणी कुरकुर केली की मॅडम म्हणायच्या, विचारा आमच्या सिस्टरला. आणि सिस्टर सांगायची.

एका बाईनं लाज राखायला मारलेली थाप बारा वर्षं हजारो बायकांच्या अंगावर चालत होती. हे तिला त्या संध्याकाळी भांडी घासताना कळलं, आणि कळलं तेव्हा ती नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

आठवड्याभरानं शिवणवालीची नणंद दवाखान्यात आली. थोरली नणंद, भावाच्याच घरी राहणारी, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. खोकल्याचं औषध घेता घेता तिनं सगळी कहाणी ऐकवली. वहिनीची पाळी चार दिवस चुकली होती. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. वहिनी मशीनवर बसायची आणि एकच शिवण उसवून पुन्हा घालायची. मुलांकडे अशी बघायची की आपल्यालाच रडू यायचं. काल आली एकदाची पाळी, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "पण पुढच्या महिन्याचं काय?" नणंद म्हणाली. "मी म्हटलं जा परत. तर म्हणते, त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, मेले तरी चालेल. आणि सिस्टर, ती खरंच मरेल हो."

सुट्टी झाल्यावर सिस्टरनं कपाटातून चप्पल काढली आणि बाजाराची वाट धरली.

दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि छतापर्यंत रचलेले निळे गठ्ठे. शिवणवाली एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या पाठीवर टाचण्या लावत होती. सिस्टरला बघून तिनं नुसती मान उडवली आणि काम चालू ठेवलं. सिस्टर स्टुलावर बसून बघत राहिली. काखेपाशी आल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, अहो जरा थांबा, टोचतंय. शिवणवालीनं तत्क्षणी दोन्ही हात मागे घेतले. बाईनं खांदा हलवला, श्वास घेतला, म्हणाली, हं, लावा. मग पुढची टाचणी. एवढंच. पण सिस्टरनं ते असं बघितलं की जणू तिला कुणी नव्यानं इंजेक्शन द्यायला शिकवत होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं चप्पल पुढे ठेवली. शिवणवाली म्हणाली, एवढ्यासाठी कशाला आलात. मग सिस्टरनं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीचं, फुटलेल्या ओठाचं, थापेचं, सगळं. नवऱ्यालाही कधी न सांगितलेली गोष्ट तिनं या बाईला सांगितली.

शिवणवालीनं कात्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही दुखलं होतं."

"खूप."

"मग दुखतं ते कसं कमी करायचं, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही?"

सिस्टरकडे याला उत्तर होतं, आणि तेच जास्त लाजिरवाणं होतं. सुचायचं काय, सगळं घरातच होतं. टाके घालताना वापरतात ते बधिर करायचं औषध कपाटात होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी त्याचं इंजेक्शन देता येतं, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. गोळ्या काकांच्या खिडकीत होत्या. फक्त इंजेक्शनला वेळ लागतो म्हणून ते दिलं जात नव्हतं, आणि गोळ्या मागच्या दारापाशी होत्या म्हणून मागून मिळत होत्या. तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. वर हेही सांगितलं की इतकं करूनही थोडं दुखेलच, अगदीच दुखणार नाही असं मी आता म्हणणार नाही.

"मग माझ्या दोन अटी," शिवणवाली म्हणाली. "वन्सं माझ्याजवळ बसणार. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. आत्ता मी थांबले ना, तसं."

सिस्टरनं शब्द दिला. दवाखान्यात सोबत्याला आत घ्यायची परवानगी नव्हती, आणि मॅडम कुणाच्या सांगण्यावरून थांबल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. शब्द देऊन ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथेच बोटांवर दिवस मोजू लागली. गुरुवार सहा दिवसांवर होता. या वेळी ही बाई टेबलावरून उठली तर तिसऱ्यांदा येणार नव्हती, आणि ती आली नाही तर पुढच्या एखाद्या महिन्यात काय होईल, ते सगळ्यांना माहीत होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला तो मिनिटांचा. इंजेक्शन द्यायचं, औषध भिनेपर्यंत थांबायचं, वर नणंदबाईंची बडबड. बाईमागे दहा-बारा मिनिटं. अठरा बायका. "मग दुपारचा दवाखाना सकाळीच सुरू करू या का?" त्या म्हणाल्या. सिस्टरनं उत्तर म्हणून टेबलावर केसपेपर मांडले. परत येते म्हणून गेलेल्या आणि न आलेल्या बायकांचे. गेल्या वर्षातले सदतीस. त्यातल्या सहा नंतर आल्या होत्या, पण पोटुशी होऊन.

मॅडमनी ते चाळले. पण हार मानली नाही. म्हणाल्या, "बायकांनी बाऊ केला तर मी काय करू? तुम्ही नाही का बसवून घेतली? तुम्हाला काय झालं?"

"मॅडम, मी तेव्हा खोटं बोलले होते."

मॅडमनी चष्मा काढला. सिस्टर उभ्या उभ्या सगळं बोलून गेली. आपण ओठ चावला होता, तो रुमालात लपवला होता, दोन दिवस वाकून चालत होतो आणि कंबर लचकली म्हणून सांगितलं होतं. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. बारा वर्षं ज्या बाईच्या हसण्यावर त्यांनी आपल्या हाताची परीक्षा पास केली होती, ती बाई आज निकाल फिरवत होती.

"मला का नाही सांगितलंत?" त्या शेवटी म्हणाल्या.

"तुम्ही 'दुखलं का फार' असं विचारलंत मॅडम. त्याचं उत्तर 'नाही' असंच द्यायचं असतं."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग एक गुरुवार दिला. पण थांबण्याच्या अटीवर त्यांनी नाक मुरडलंच. हत्यार आत असताना असं मधेच थांबणं सोपं नसतं, म्हणाल्या, बघू त्या वेळी. आणि ती बाई पुन्हा उठून गेली, तर हा विषय कायमचा बंद.

काकांचं मन वळवणं त्याहून अवघड निघालं. काका नियमाचे पक्के. शिक्का नाही तर गोळी नाही. सिस्टरनं विचारलं, हा नियम केला कुणी? काकांनी जुनी फाइल काढली, ती दोनदा उलटीसुलटी चाळली. नियम कुणीच केला नव्हता. खिडकी मागच्या दारापाशी होती म्हणून गोळी मागाहून मिळायची, आणि मिळत राहिली म्हणून तो नियम झाला. काकांना हे फार लागलं. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. खिडकी काही हलवता येणार नाही, म्हणाले, पण बायका तर हलवता येतील ना. गुरुवारी बायकांनी मागच्या दारानं यावं, केसपेपर दाखवावा, गोळी घ्यावी आणि तिथेच तासभर बसावं. बाकं मी लावतो.

हे ऐकून सिस्टर खूश झाली, आणि घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आता बसलेल्या बायकांना बाहेर पडणारीचा चेहरा दिसणार. लपवायला दार उरणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं एक चोरीही केली. चौकशीच्या टेबलावर एक दाबायची घंटी होती. ती दाबल्यावर कुणी आल्याचा दवाखान्याच्या इतिहासात दाखला नव्हता. ती तिनं उचलली, स्पिरिटनं पुसली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

शिवणवाली पहिल्या नंबरावर होती. काकांनी तिला गोळ्या दिल्या आणि घड्याळ बघून केसपेपरवर वेळ लिहिली, नियम म्हणून. सिस्टर तिच्या आणि तिच्या मागे बसलेल्या सतरा जणींच्या पुढ्यात उभी राहिली आणि बाकावरच्या बायकांना पहिल्यांदाच तिनं खरं सांगितलं. ही गोळी नंतरचं पोटातलं दुखणं कमी करेल. आत गेल्यावर आधी नुसता दाब जाणवेल. मग इंजेक्शन टोचेल, ते बारीक चिमट्यासारखं. ते भिनेपर्यंत आपण थांबू. मग तांबी आत जाताना पाळीत येते तशी कळ येईल, जोराची, अर्धं मिनिट. काहींना कमी, काहींना जास्त. कुणी एकीनं विचारलं, मग मुंगी? सिस्टर म्हणाली, मुंगी मी मारली. बायका हसल्या, पण हात मात्र पदराखाली, पिशवीखाली घट्टच राहिले.

तिनं तांबी हातावर घेऊन दाखवली. शिवणवालीनं ती बटण तपासावं तशी तपासली. एवढीशी, म्हणाली. मग तिची नजर खालच्या दोऱ्यावर गेली आणि विचारलं, हा किती ठेवता? आत जाता जाता मॅडम थबकल्या आणि म्हणाल्या, दोन बोटं. तर ही म्हणते, फार आखूड कापू नका, असला कडक दोरा आखूड कापला की टोक टोचतं. हे अगदी खरं होतं, आणि मॅडमना ते पहिल्यांदाच एका पेशंटनं ऐकवलं होतं. त्यांनी हातमोजे चढवले.

आत नणंद उशाशी स्टुलावर बसली. सिस्टरनं तिला सांगितलं होतं की तुमचं काम एकच, बोलत राहायचं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडाला काम दिलं होतं. तिनं शेजारणीच्या बंद पडलेल्या मिक्सरपासून सुरुवात केली. सिस्टरनं शिवणवालीच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, आत घालायचं हत्यार कोमट पाण्यातून काढलं, आणि तिच्या उजव्या हाताखाली घंटी ठेवली. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही.

दाब आला. इंजेक्शन टोचलं, तशी तिनं नाक आक्रसलं. मग तीन मिनिटं थांबायचं होतं. मॅडमच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब तीन मिनिटं असावीत. त्या घड्याळाकडे बघत होत्या, घड्याळ त्यांच्याकडे बघत होतं, आणि नणंद सांगत होती की शेजारणीनं मिक्सर उघडला तर आत तिच्याच मुलाच्या खेळण्यातल्या मोटारीचं चाक. मॅडमच्या तोंडून हसू निसटलं. तोवर चिमटा लागलाही होता, आणि शिवणवालीनं पापणीही हलवली नव्हती.

मॅडमनी तांबीची नळी हातात घेतली. पुढे केली. आणि घंटी वाजली.

एकदाच, खणखणीत. नणंदसुद्धा गप्प झाली. सिस्टरची नजर मॅडमच्या हातांवर खिळली. त्या हातांना ती चौदा वर्षं ओळखत होती, ते कधी थांबले नव्हते, आणि आता आणखी दोन सेकंद पुढे गेले तर तिनं दिलेला शब्द मातीत जाणार होता आणि त्याच्याबरोबर ही बाईही.

मॅडमनी नळी मागे घेतली. दोन्ही हात वर केले, रिकामे दिसतील असे. "थांबले," त्या म्हणाल्या. "काय होतंय? सांगा."

शिवणवाली छताकडे बघत होती. एक मोठा श्वास आत गेला, बाहेर आला.

"काही नाही होत," ती म्हणाली. "खरंच थांबता का ते बघितलं."

मॅडम वर केलेले हात तसेच ठेवून उभ्या होत्या, आणि रागावावं की काय करावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग शिवणवालीनं घंटीवरचा हात काढला आणि नणंदेच्या हातात दिला. "करा आता," ती म्हणाली. "वन्सं, चाकाचं पुढे सांगा."

नळी आत गेली तेव्हा कळ आलीच. तिनं दातांतून हवा ओढली, नणंदेची बोटं अशी पिळली की चाकाची गोष्ट मधेच तुटली. सिस्टर मोठ्यानं आकडे मोजत होती, हे वीस, हे पंचवीस, आता उतरेल. आणि उतरली. मॅडमनी दोरा कापला, नेहमीपेक्षा बोटभर लांब.

"झालं," मॅडम म्हणाल्या. आणि लगेच, "दुखलं?"

"दुखलं," शिवणवाली म्हणाली. "सांगितलं होतंत तेवढंच."

अकरा मिनिटं लागली होती. सिस्टरनं तिला आणखी दहा मिनिटं झोपवून ठेवलं, पाणी पाजलं, आणि मग ती दोन्ही पायांत चपला घालून मागच्या दारानं बाहेर आली. सतरा माना वर झाल्या. सतरा जणी तिच्या तोंडाकडे, चालण्याकडे, भिंतीला हात लागतो का याकडे बघत होत्या. सिस्टर दाराआडून बघत होती. शिवणवाली त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली.

"दुखतं," ती म्हणाली. दोघीतिघी चुळबुळल्या. "शेवटी दुखतं, तीस आकडे मोजेपर्यंत. त्याआधी थांबा म्हटलं की थांबतात. मी वाजवून बघितली."

एकही बाई उठली नाही. उलट दुसऱ्या नंबरची तरातरा आत आली, आणि टेबलावर चढायच्या आधी तिनं विचारलं ते एवढंच, की घंटी कुठाय.

त्या दुपारी घंटी सहा वेळा वाजली आणि सहाही वेळा मॅडमचे हात थांबले. तिसऱ्या वेळेपासून तर आवाज यायच्या आधीच त्या बाईचा चेहरा बघून विचारू लागल्या, थांबू का? शिवणवाली आणि नणंद घरी गेल्याच नाहीत. नणंद प्रत्येकीच्या उशाशी बसली आणि मिक्सरची गोष्ट अठरा वेळा, दर वेळी नव्या मीठमसाल्यासह, सांगितली. शिवणवाली काकांच्या खिडकीपाशी बसून पुढच्यांना तीस आकड्यांचं गणित समजावत राहिली. दिवस कलला, मॅडमची घरी जायची वेळ टळून गेली, पण कपाळावर आठी दिसली नाही. अठरापैकी अठरा झाल्या. एवढ्या वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं.

मॅडमनी हातमोजे काढायला घेतले आणि विचारलं, संपल्या ना सगळ्या?

"एक राहिलीय," सिस्टर म्हणाली.

तिची तांबी दहा वर्षं चालणारी होती, आणि ती बसवून बारा वर्षं झाली होती. दोन वर्षं ती आज करते, उद्या करते म्हणून टाळत होती, आणि का टाळत होती ते आता लपवायचं काही कारण राहिलं नव्हतं. तासाभरापूर्वी तिनं काकांकडे गोळ्या मागितल्या होत्या आणि काकांनी तिच्या केसपेपरवरही वेळ लिहिली होती. तिनं बूट काढले आणि चौदा वर्षं ज्याच्या बाजूला उभी राहिली होती त्या टेबलावर चढली.

शिवणवाली उशाशी येऊन बसली. मॅडमनी नवे हातमोजे घातले, घंटी उचलली आणि स्वतःच्या हातानं सिस्टरच्या तळव्याखाली सरकवली. जुनी तांबी काढली, ती सहज निघाली. इंजेक्शन दिलं. तीन मिनिटं थांबल्या, आणि या वेळी घड्याळाकडे नाही, सिस्टरकडे बघत थांबल्या.

"आता दुखेल, सिस्टर," त्या म्हणाल्या.

कळ आली. बारा वर्षांपूर्वीच्या मानानं निम्मीच असेल, पण आली. सिस्टरनं ओठ आवळायला घेतले, आणि मग आठवण होऊन ते सोडून दिले. "आई गं," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं, बाहेर काकांना ऐकू जाईल अशी. शिवणवाली आकडे मोजत होती. काही नाही हो, असं त्या खोलीत कुणीही म्हटलं नाही. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. कळ ओसरली आणि सिस्टर हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळत असताना हसत सुटली.

"दुखलं मॅडम," ती म्हणाली.

"हो," मॅडम म्हणाल्या. "दुखलंच." आणि केसपेपरवर, शिक्क्याच्या शेजारी, त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.